दर पाच मिनिटांनी

कॉलेजच्या फळ्यावर, परीक्षा फीच्या नोटिशीखाली
अर्धा झाकलेला एक कागद होता:
कमळपक्ष्यांच्या अभ्यासासाठी विद्यार्थी-सहायक पाहिजे.
सहा महिने, महिना सात हजार.
पोहता येणं आवश्यक, पहाटे उठणं आवश्यक,
इंग्रजी असल्यास बरं.

पहिल्या दोन अटींत मी ढिवराच्या घरात जन्मूनच पास.
तिसरीची भीती घेऊन साकोलीची बस पकडली.
बोरकुटे मॅडमनी इंग्रजी विचारलंच नाही.
"न बोलता किती वेळ बसशील?"
म्हटलं, गळ टाकल्यावर बसते तेवढा.
त्या हसल्या नाहीत. लिहून घेतलं.

आता ऑगस्ट. घरटं नंबर सात.
शिंगाड्याच्या वेलांवर चार अंडी,
तपकिरी, तेल लावल्यासारखी.
मादी अंडी घालून गेली
तलावाच्या त्या अंगाला, दुसऱ्या नराकडे.
हा बसलाय. ऊन आलं की पंख थोडे उचलतो,
सावली पुरते की नाही ते पाहतो
(पाहतो असं लिहायचं नाही. उचलतो, एवढंच).

दर पाच मिनिटांनी एक खूण:
ब म्हणजे बसला, च म्हणजे चरला,
हु म्हणजे पाणकोंबडीला हुसकावलं.
आणि दि. दिसत नाही.
पुण्याच्या ऋग्वेदला पहिल्या आठवड्यात
सगळे रकाने दि च दिसायचे.
त्यानं मला जीपीएस शिकवलं,
मी त्याला, गाळात पाय आडवा कसा टाकायचा ते.

डोंगा वल्हवणारे सुखरामकाका म्हणाले,
"यात का लिवाचं हाये वो पोरी?
नरच सांभारते पोरं. आमाले ठावूकच हाये."
मी विचारलं, किती दिवस? रात्री उठते का?
पानी चढलं तं अंडी कोण सरकवते?
काका वल्हं थांबवून बघत राहिले,
कितीतरी वर्षं त्याच पाण्यावरून गेलेले.
"थे मातर नाई पायलं," म्हणाले.

पहिल्याच दिवशी मॅडमनी बजावलं होतं:
माणसाचं पाखरावर लादायचं नाही.
बाप, माया, त्याग, हे शब्द
डोंग्यात बसायच्या आधी काठावर ठेवायचे,
चपलांसारखे.
पटलं मला. मी ठेवले.

पण उलटं करू नका असं कुणी म्हटलं नव्हतं.

आई नागपुरात आहे, दवाखान्यात, रातपाळीची आया.
पंधरा दिवसांनी येते, एक रात्र झोपते, जाते.
कोऱ्या तक्त्याची मागची बाजू,
पेन्सिल, तीच घड्याळ.

४.५० : उठला. धाकट्याच्या अंगावर गोधडी ओढली.
४.५५ : सरपण ओलं. फुंकणी.
५.०० : फुंकणी.
५.०५ : पसावायला भात खाली. माझा डबा पुसला.
५.१० : दारात. पाऊस किती ते बघितलं.
         (बघितलं असं लिहायचं नाही.)
५.१५ : छत्री माझ्या पिशवीजवळ ठेवली.
         स्वतः पोतं घेतलं डोक्यावर.
५.२० :
५.२५ :
५.३० : जाळं खांद्यावर. गेला.

शनिवारी मॅडम तक्ते तपासतात.
सातव्या घरट्याचा कागद त्यांनी वाचला,
सवयीनं उलटा केला.
माझ्या कानांतून वाफ निघाली असेल.
बराच वेळ त्या वाचत होत्या.
बाहेर ऋग्वेद दुर्बिणीच्या काचा पुसत होता,
पुसून झालेल्या काचा परत पुसत होता.

मग मॅडमनी पेन टेकवलं
दोन रिकाम्या ओळींवर.
"इथं दहा मिनिटं काय झालं, तोमेश्वरी?"
"धूर होता, मॅडम. चुलीचा. डोळे..."
"मग तसं लिही.
रकाना रिकामा सोडायचा नसतो."

तिथंच, त्यांच्या टेबलावर वाकून
दोन्ही ओळींत मी भरलं:
दि.
दि.